मांगरातली मतं

काजूच्या दिवसांत कोंडखोलच्या टेंबवाडीत कुणी पाहुणा आला, तर त्याला कुत्र्याखेरीज कुणी भेटत नाही. शिमग्याची पालखी घरोघर फिरून देवळात परत बसली की दारांना कुलपं पडतात आणि अर्धीअधिक वाडी पऱ्याचा ओढा ओलांडून वरच्या कातळी सड्यावर चढते. सड्यावर काजूच्या बागा आणि बागेत ज्याचा त्याचा मांगर. चिऱ्याच्या तीन भिंती, चौथ्या बाजूला कुडाचं दार, वर गवत. तिथेच चूल, तिथेच वळकटी, तिथेच बायकोशी भांडण. पावसाळा तोंडावर येईपर्यंत माणसं खाली उतरत नाहीत. बोंडू पिकायला रात्र पुरते आणि वानरांना रविवार नसतो.

केरू अशाच एका मांगराच्या दारात बसून बोंडूच्या बिया पिळून काढत होता. साठी उलटलेला, काटकुळा माणूस. बोटांची कातडी काजूच्या चिकाने काळी पडून सोलपटली होती. त्याची बायको सोनूबाई काठी घेऊन वानरांच्या मागे धावत होती आणि वानरांच्या आईबापांचा उद्धार करत होती.

"मेंबरबाय," केरू म्हणाला, "जरा जपून बोला. उद्या ह्येच वानर मत द्याया येतील."

"येऊ देत. तुज्यापेक्षा अक्कल हाय त्यांना. पिकल्याबिगर हात लावत नाय."

मेंबरबाई ही नुसती थट्टा नव्हती. टेंबवाडीची जुनी रीत होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला वाडीत कुणी एकमेकांविरुद्ध उभं राहायचं नाही. पालखी जिथे टेकते त्या सहाणेवर बैठक बसायची आणि मेंबरकी पाळीने एकेका घराला जायची. यंदा पाळी केरूच्या घराची होती, आणि वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून सोनूबाईचं नाव पक्कं झालं. केरूच्या घरात आजवर पंचायतीच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. खुर्च्या मांडल्या मात्र पुष्कळ होत्या.

सोनूबाईने आधी नाही म्हटलं. मग एक दिवस वांग्याच्या रोपांना पाणी घालताना म्हणाली, "मी हुबी ऱ्हाते. पन मला एकच करायचंय. आपला नळ दुपारी सोडतात. दुपारी बाया शेतात, आन पानी गटारात. मी तो सकाळी सोडाया लावनार."

"बस? येवढंच?"

"येवढंच कुनी केलं आजवर?"

केरूने पुढच्या रोपाला पाणी घातलं. गेल्या पाळीचे मेंबर त्याचे चुलतभाऊ होते.

त्या दिवशी सड्यावर एक मुलगी चढून आली. खांद्याला पिशवी, डोक्यावर ओढणी, हातात मोबाइल. शेजारच्या गावची अंगणवाडीची ताई, तेजस्वी. मतदारयाद्यांच्या तपासणीचं काम तिच्या गळ्यात नुकतंच पडलं होतं. घामाने निथळत ती मांगरापाशी टेकली.

"काय हो आजोबा, तुमची वाडी गेली कुठे? दारं वाजवून हात दुखले माझे."

"आमी हितंच हाव, बाय. बस. आदी पानी पी."

सोनूबाईने गूळपाणी दिलं, बोंडूच्या फोडींना मीठ लावून पुढे ठेवलं. तेजस्वी खाता खाता नावं विचारत गेली.

"सागर कोण?"

"मुलगा. त्याचं नाव खोड," सोनूबाई म्हणाली. "मुंबईत हाय. दोन जाग्यावं नाव चालत नाय म्हंतात. फोन आल्ता त्याचा. तिकडंच ठेवलंन."

"सगळे चाकरमानी हेच सांगतात या वर्षी," तेजस्वी म्हणाली. "आणि तुम्ही दोघं? राहता कुठे?"

आता मांगराच्या दारात बसलेल्या, समोर चूल पेटलेल्या माणसाला हा प्रश्न विचारल्यावर तो काय सांगणार? त्यातून कोकणातली रीत अशी, की दारात आलेल्याला 'आमचं घर तिकडं आहे' असं म्हणायचं नाही. तसं म्हणणं म्हणजे पाहुण्याला उठवून लावणं.

"हितंच," केरू म्हणाला. "ह्येच आपलं घर."

"मग समोर उभे राहा. फोटो काढायचा आहे. जागा आपोआप लागते यात."

सोनूबाईने पदराने हात पुसले, केरूने खुंटीवरची टोपी चढवली. असा फोटो सागरच्या लग्नानंतर निघाला नव्हता. केरू दात काढून हसला. तेजस्वी पुढच्या मांगराकडे गेली. सड्यावर तिचं असं स्वागत झालं, की संध्याकाळी ती पिशवीभर काजू घेऊन खाली उतरली आणि मांगरामांगरातले सगळे मतदार मोबाइलमध्ये सड्यावर कायमचे राहायला आले.

*

पाऊस पडला, माणसं खाली घरात आली. मांगराचं गवत वाऱ्याने उडवलं. लावणी सुरू झाली.

केरू गुडघाभर चिखलात ओणवा होता. दोन हात पुढे सोनूबाई आणि शेजारणी रांगेत भाताचा तरवा लावत होत्या. पाठीवर प्लास्टिकचे कागद, पायाला जळवा. बांधावरून कुणीतरी खाकरलं.

केरूने मान वर केली आणि चिखलाचे हात तसेच जोडले. छत्री धरून त्याचे व्याही उभे होते. धाकू. मुलगी श्रद्धा खालच्या वाडीत धाकूच्या घरी दिली होती. धाकूने जन्म मुंबईच्या गोदीत काढला होता आणि निवृत्त होऊन आल्यापासून तो गावाला मुंबईतलं शहाणपण फुकट वाटत होता. वरपक्षाचा माणूस. तो बांधावर असताना केरूला चिखलात कमरेत ताठ उभं राहायला लागायचं. त्याने काही टोचून बोललं तर हसायला लागायचं. श्रद्धाच्या लग्नापासून केरूचं हसून हसून तोंड दुखत होतं.

"व्याही, पेढे काढा," धाकू म्हणाला.

"कशाचे वो?"

"तुम्ही आमच्यात आलात."

सोनूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमी कुटं आलाव? आमी चिखलात हाव."

"नकाशा लागलाय पंचायतीत. नवे वॉर्ड. पऱ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. पऱ्यापलीकडे कोण राहतं? आमची खालची वाडी, आणि सड्यावर तुम्ही. मोबाइलात तुमचं घर सड्यावर आहे ना? स्वतःच सांगितलंत. मग तुम्ही आमच्या वॉर्डात."

"आन वाडीत उरले ते?"

"ते थोडे राहिले. थोड्यांचा वॉर्ड होत नाही. शिवाय तुमच्या चाकरमान्यांची नावं उडाली. म्हणून उरलेल्यांना बाजारवाडीला जोडलंय." धाकूने छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली. "टेंबवाडी म्हणून वॉर्ड राहिला नाही, व्याही. कोयत्याने नारळ फोडावा तशी दोन भकलं."

पाण्यावर पावसाचे थेंब वाजत राहिले.

"आमच्या वॉर्डातही बाईचीच जागा आहे," धाकू जाता जाता म्हणाला. "आमच्या हिला, गंगुबाईला उभी करतोय. विहीणबाई, तुम्ही प्रचाराला येणार ना? सुनेच्या आईने यायलाच पाहिजे. शोभून दिसेल."

तो गेल्यावर शेजारीण म्हणाली, "सोनू, तू बी रहा हुबी त्यांच्यातून."

"विहिनीच्या समोर?" सोनूबाई म्हणाली. "आन माजी पोर त्या घरात भाकऱ्या भाजते ती?"

तिने जुडी सोडली आणि पुन्हा ओणवी झाली. त्या दिवशी तिने लावलेली ओळ वाकडी गेली. केरूने ती पाहिली.

*

हरकत घ्यायची असं ठरलं. मुदत थोडी होती आणि लावणी अर्धी. सहीसाठी माणसं घरी सापडायची नाहीत, म्हणून केरू प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून बांधाबांधाने फिरला. ज्यांना सही येत होती त्यांनी पिशवीवर ओणवं होऊन सह्या केल्या. बाकीच्यांचे अंगठे. शाईची डबी होती, पण एकाने घाईत चिखलाचाच अंगठा उमटवला, आणि त्याचं बघून पुढच्यांनीही.

लांज्याला एसटीतून उतरून केरू कचेरीत गेला तेव्हा त्याच्या प्लास्टिकातून पाणी गळत होतं. दारातल्या शिपायाने त्याला तसाच बाहेर उभा केला. "निथळा आधी." केरू निथळला. आत गेल्यावर कारकुनाने कागद उलटापालटा करून पाहिला.

"हे डाग कसले?"

"अंगठे."

"अंगठे निळे असतात."

"आमचे तांबडे हाईत. लावनी चालू हाय."

कारकून हसला. पण कागद घेतलान, शिक्का मारलान आणि सुनावणीची तारीख दिलीन.

सुनावणीला सोनूबाईही गेली. नेसून ठेवणीतलं लुगडं, पायात सागरने पाठवलेल्या चपला. धाकूही आला होता, खालच्या वाडीच्या बाजूने. साहेब मध्यम वयाचे, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांच्यासमोर गावाचा नकाशा होता आणि नकाशावर ठिपके.

"हा ठिपका तुमचा. तुमचं म्हणणं, तुम्ही इथे राहत नाही."

"नाय साहेब. तो मांगर हाय. काजूपुरता."

साहेबांनी संगणक वळवला. पडद्यावर केरू टोपी घालून, सगळे दात दाखवत मांगरासमोर उभा होता. बाजूला सोनूबाई, हात पोटाशी धरून.

"नाइलाजाने उभे आहात असं वाटत नाही यात," साहेब म्हणाले.

मागे बसलेले लोक हसले. धाकू सगळ्यात मोठ्याने हसला. "साहेब, आमचे व्याही आनंदी आहेत तिथे. वर वारा चांगला आहे."

केरूचे कान तापले. त्याला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत. पण व्याह्याला चारचौघांत उत्तर द्यायचं नसतं. त्याने नेहमीसारखं हसायला तोंड उघडलं. तेवढ्यात सोनूबाई बोलली. साहेबांकडे बघून, धाकूकडे नाही.

"साहेब, तुमच्या घरला पावना आला तर तुमी त्याला सांगाल का, ह्ये माजं घर नाय म्हनून? पोरगी उनातनं आलेली. आमी बसवली, पानी दिलं. ती बोल्ली हसा, आमी हसलाव. आता पावसात या आन बगा, कोन ऱ्हातंय तितं."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "येतो," ते म्हणाले. "पण आजी, एक आधीच सांगतो. नावं हलली की रेघ हलते. ती परत जुन्या जागी येईल असं मी म्हणत नाही. वॉर्डावॉर्डात माणसं सारखी बसली पाहिजेत."

"हलूं दे," सोनूबाई म्हणाली. "घर ते घर आन मांगर तो मांगर."

*

साहेब आले तो दिवस उघडझापीचा होता. बरोबर तलाठी, तेजस्वी, आणि विरोधी बाजू म्हणून धाकू, पायात मुंबईचे बूट. पऱ्याला पाणी चढलेलं. साकवाच्या लहानशा पुलावरून पलीकडे जाऊन सगळे सडा चढायला लागले. चिऱ्याच्या कातळावर हिरवं शेवाळ धरलेलं. केरू अनवाणी पुढे, बोटं रुतवून चढत होता.

"व्याही, बूट काढा," त्याने एकदा सांगितलं.

"हे ग्रिपवाले आहेत," धाकू म्हणाला, आणि पुढच्याच पावलाला ग्रिपसकट बसला. बसला तो घसरत तेजस्वीच्या पायापर्यंत आला. केरूने धावत जाऊन त्याला काखेत हात घालून उठवला, विजारीचा चिखल झाडला. हसू गिळताना त्याला ठसका लागला.

मांगर उघडाबोडका उभा होता. वर आढ्याची लाकडं, गवताचा पत्ता नाही. चुलीत पाणी साचून त्यात दोन बेडूक बसले होते. वळकटीच्या जागी टाकळा गुडघाभर उगवला होता. साहेब दारातून वाकून आत गेले आणि आत गेल्यावर वाकायची गरज राहिली नाही, कारण वर आभाळ होतं.

"पावसात इथे कोणी राहतं?" त्यांनी धाकूला विचारलं.

धाकू कमर चोळत होता. "आत्ता नाही दिसत," तो म्हणाला.

तेजस्वी कोपऱ्यात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "सर, चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं, पावसात कुठे असता म्हणून."

"तुजी कशाची चूक?" सोनूबाई मागून धापा टाकत आली होती. "आमी सांगितलं, तू लिवलंस. चल, खाली जेवाया. टाकळ्याची भाजी केल्ये. वरची नवे, अंगनातली."

खाली केरूच्या पडवीत सगळे जेवले. धाकूला पहिलं पान. साहेबांनी भाकरी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा सोनूबाईने केरूकडे असं बघितलं, जणू निम्मी निवडणूक झाली. जेवणानंतर तेजस्वीने पडवीतच बैठक मांडली आणि मांगरातल्या एकेका माणसाला बोलावून पत्ता बदलायचे अर्ज भरले. या वेळी फोटो काढताना ती म्हणाली, "हसलात तरी चालेल. पण मागे घर दिसू दे."

*

शेवटचा नकाशा लागला तेव्हा भात पोटरीत आलं होतं. केरू पंचायतीत गेला. भिंतीपाशी गर्दी होती, आणि गर्दीच्या मधोमध धाकू नकाशाला नाक लावून उभा होता.

रेघ हलली होती. टेंबवाडी पुन्हा सगळी एका वॉर्डात आली होती, मांगरातली आणि घरातली. पण चाकरमान्यांची नावं मुंबईला गेली होती ती गेलीच होती. तेवढी माणसं कमी पडत होती. ती भरून काढायला रेघ साकवापाशी पऱ्यावरून उडी मारून पलीकडे गेली होती, खालच्या वाडीची साकवालगतची पाच घरं कवेत घेऊन परत आली होती. त्या पाचांत पहिलं घर धाकूचं.

धाकू वळला. केरूला बघून तो काही बोलला नाही, ही गोष्ट श्रद्धाच्या लग्नापासून प्रथमच घडली.

केरूच्या जिभेवर आलं होतं, 'व्याही, पेढे काढा.' पण त्याने ते गिळलं. नुसता म्हणाला, "चला, च्या घेऊं."

"माझी वाडी गंगुबाईला उभी करत नाही आता," धाकू चहाच्या टपरीवर बशीत बघत म्हणाला. "म्हणतात, तुझं मतच आमच्यात नाही, तुझ्या बायकोला आम्ही कशाला निवडून देऊ?"

"मग?"

"मग काय. आता तुमच्यातून उभी करतो गंगुबाईला."

केरूने बशी खाली ठेवली.

"तुमच्यात पाळी असते म्हणे," धाकू म्हणाला. "आम्हीही आता तुमच्यातलेच. आणि वरपक्षाला काही मान आहे की नाही? पहिली पाळी आम्हाला द्या. बिनविरोध. तुमच्या बायकोला पुढच्या वेळी."

"पुडच्या टायमाला तिची पासष्टी येईल, व्याही."

"माझ्या बायकोची नाही का येणार?"

केरू घरी आला तो चालत नाही, पाय ओढत आला. सोनूबाईने सगळं ऐकून घेतलं. ती वाल सोलत होती.

"नाय म्हनू त्यांना," केरू म्हणाला. "मी बोलतो. काय व्हायचं ते होवू दे."

"आन श्रद्धा?"

केरू उंबऱ्यावर टेकला. सोनूबाईने वालाचं टरफल बोटाने उडवलं. "बैठक बसू दे. सहानेवं काय ते ठरंल. तू मधी तोंड घालू नको."

*

बैठक उन्हं कलल्यावर बसली. सहाणेभोवती माणसं मांडी घालून बसली, घरांच्या पाळीप्रमाणे. केरूचं घर यंदा पहिलं. मानकरी म्हातारे काठी टेकून मधे. पाच नवी घरंही आली. धाकू पांढरा सदरा घालून आला, मागे गंगुबाई, तिच्यामागे श्रद्धा डोक्यावर पदर घेऊन. धाकू इकडेतिकडे न बघता सरळ पुढे आला आणि केरूच्याही वरच्या बाजूला उभा राहिला.

सगळी वाडी केरूकडे बघायला लागली. व्याह्याला 'खाली बसा' कोण म्हणणार? मानकऱ्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा तंबाखूची डबी उघडली. त्यांचीही एक नात धाकूच्याच वाडीत दिली होती.

"काय ठरवायचं ते ठरवा," धाकू म्हणाला. "आम्ही मानाने आलो आहोत."

केरूचा चेहरा वहाणेखाली चिरडलेल्या बोंडूसारखा झाला होता. तो उठून जागा द्यायच्या बेतात होता. इतक्या वर्षांची सवय. सोनूबाईने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं.

मग गंगुबाई बोलली. ठेंगणी, गोलसर बाई. चारचौघांत ती फारशी बोलत नसे. "मी विचारू काय?" ती मानकऱ्यांना म्हणाली. "नवं घर वाडीत आलं की ते कुठे बसवायची रीत आहे तुमच्याकडे?"

"शेवटाला," मानकरी म्हणाले, आणि घाईने पुढे म्हणाले, "पन तुमी पावनी—"

"पाहुणी कुठली? मत इथे, म्हणजे घर इथे." गंगुबाई नवऱ्याकडे वळली. "अहो, ही आपली सून आली तेव्हा पहिल्या दिवशी काय सांगितलंत तिला? नव्या माणसाने शेवटी बसायचं, शेवटी जेवायचं, घराची रीत शिकायची. ती बसली. एक शब्द बोलली नाही. मग आज आपण नवे. आपल्याला काय वेगळी रीत?"

श्रद्धाने पदर तोंडावर ओढला. तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"मला विचारलं तरी होतंत का उभी राहतेस म्हणून?" गंगुबाई पुढे म्हणाली. "मला मीटिंगला झोप येते. विहीणबाई पाणी सकाळी सोडायला लावणार आहेत, सगळ्या बायका बोलतायत. आमच्याकडेही दुपारीच येतं. मला पाणी पाहिजे, खुर्ची नको." आणि ती सहाणेच्या अगदी टोकाला, शेवटच्या घराच्या पलीकडे जाऊन बसली. श्रद्धा तिच्याशेजारी बसली.

धाकू उभाच राहिला. शेजारी बघावं तर केरू, टोकाला बघावं तर बायको. शेवटी त्याने सदरा सावरला आणि रांगेच्या मागून, प्रत्येकाच्या पाठीला हलका हात लावत, शेवटाला निघाला.

"व्याही, जपून," केरू म्हणाला. "तितं शेवाळ हाय."

वाडी हसली. मानकरी हसले. थोड्या वेळाने धाकूही हसला, कारण न हसण्यासारखं ते नव्हतंच.

*

सोनूबाई बिनविरोध आली. पहिल्याच महिन्यात तिने पाणीसोड्या माणसाला पंचायतीत बसवून विचारलं, तू स्वतः आंघोळ कधी करतोस. आणि तो सकाळी म्हणाल्यावर पुढे काही बोलावं लागलं नाही.

त्यानंतर एका सकाळी केरू ओटीवर चहा पीत बसला होता. धाकू पाखाडीच्या पायऱ्या चढून आला. सवयीने केरू बशी ठेवून उठायला लागला.

"बसा, बसा," धाकू म्हणाला. "मेंबर आहेत का? आमच्या साकवावरचा दिवा गेलाय."

घरामागच्या नळावरून सोनूबाईचा आवाज आला. "कोन हाय?"

"व्याही आल्यात. दिव्याचं काम हाय."

"बसव त्यांना. हंड्याची रांग लागल्ये, पानी भरून येते."

केरूने धाकूकडे पाहिलं. वरपक्षाला कुणी बसवून ठेवतं का? धाकूनेही केरूकडे पाहिलं. मग तो बूट काढून खालच्या पायरीवर बसला. केरू बसूनच होता. त्याने निवांत एक घोट घेतला आणि बशी धाकूपुढे सरकवली.

"घ्या," तो म्हणाला. "टाइम लागेल तिला."